दम वाढतो तो सावकाश धावण्याने

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की घाटनांदूर परिसरातील रस्ते पहाटे पाचलाच जागे होतात. अंबाजोगाईकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेने मुले-मुली धापा टाकत धावतात. यातल्या फार थोड्यांना धावण्याची आवड असते. बहुतेकांना हवी असते ती नोकरी, आणि धावणे हा तिच्या वाटेतला नावडता अडथळा. म्हणून जाहिरात निघेपर्यंत धावणे टळते आणि निघाल्यावर ते आवरत नाही. ठणकणारी नडगी, दुखरा गुडघा, मैदानात आलेली चक्कर यांचे मूळ बहुधा इथेच असते.

मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ५० पैकी २० गुण या एकाच धावेचे. मुलांना पूर्ण गुण हवेत तर ५ मिनिटे १० सेकंदांत पोहोचायचे, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साधारण ७७ सेकंदांत. हा आकडा डोक्यात बसतो आणि मुले रोज घड्याळ लावून जीव खाऊन १६०० मीटर धावतात. पण रोज परीक्षा दिल्याने अभ्यास होत नाही.

या धावेतली बहुतांश ऊर्जा प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेतून येते. हृदयाने एका ठोक्यात जास्त रक्त फेकणे, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढणे, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढणे, यालाच आपण दम म्हणतो. त्याचा पाया सावकाश आणि जास्त वेळ धावण्याने घातला जातो. दुसरी अडचण वेगवेगळ्या गतीची. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि कंडरांना महिने लागतात. दम आला म्हणून वेग वाढवला की नडगी बोलू लागते.

सुरुवात सोपी आहे. एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, असे २० ते २५ मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. दर आठवड्याला धावणे थोडे वाढवून चालणे कमी करावे. सलग अर्धा तास धावता येऊ लागले की मगच आठवड्यातून एक दिवस वेगाचा ठेवावा: ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर दम खाली बसेपर्यंत चालणे. डांबरापेक्षा सपाट मातीची वाट बरी. एवढ्याला तीन-चार महिने लागतात, म्हणून जाहिरातीची वाट पाहणे परवडत नाही.

घाई जिवावर बेतू शकते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. अंतर कमी झाले तरी ऊन तेच आहे. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. वेदनाशामक गोळी घेऊन उन्हात धावणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणीआधी धावू नये. मुलींनी हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर कितीही सराव केला तरी दम अपुराच पडतो. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लष्करात गेल्यानंतर स्पर्धात्मक धावण्याकडे वळले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले, २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मुले त्यांची वेळ पाठ करतात. त्यामागची वर्षे मात्र मोजत नाहीत.

सगळा भार मुलांवरच टाकून चालणार नाही. गावोगावी एक सपाट मातीची धावपट्टी आणि सराव सुरू होण्याआधी एक आरोग्य तपासणी, एवढे ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्राने मिळून करणे अवघड नाही. भरतीत जागा थोड्या आणि उमेदवार फार. बहुतेक मुले नोकरीविना परततील. तेव्हा त्यांच्याजवळ दुखावलेला गुडघा उरतो की आयुष्यभर साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करणारी सवय, हे आजच्या पहाटेच्या वेगावर ठरते.