वाशाला भोक दिसले म्हणून छप्पर उतरवू नका

नाताळाच्या आधी घर झाडायला काढले की पेडणे-डिचोलीच्या जुन्या घरांतून एकच तक्रार कानी येते : वाशातून पीठ गळते. मग कोणीतरी जाणता येतो, वाशावर टिचकी मारतो आणि ‘सगळे पोखरले, उतरवा आणि स्लॅब घाला’ असे सांगून जातो. आमच्या मते हा सल्ला बहुधा घाईचा असतो, आणि महागाचा तर असतोच. जुन्या माटाचे किंवा किंदळाचे लाकूड आता सहजी मिळत नाही. 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे आपल्याच भाटातले झाड तोडायलाही परवानगी लागते. आजोबांनी बसवलेला वासा एकदा जळणात गेला की गेला.

तेव्हा आधी चोर कोण ते ओळखावे. चिऱ्यांच्या भिंतीवरून मातीची नळी वर चढलेली दिसली तर ती जमिनीतली वाळवी. तिला ओल हवी असते. नळी मोडली, फुटके कौल बदलले, भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडे आणि शेणी हलवल्या की तिचे अर्धे बळ जाते. माती नाही, पण वाशाखाली खसखशीसारखे कोरडे दाणे पडतात, तर ती सुक्या लाकडातली वाळवी. ती लाकडातच राहते, म्हणून जमिनीत औषध ओतून तिला काही होत नाही. आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या गोल भोकांतून मैद्यासारखे पीठ गळत असेल तर तो घुण. याला लाकडातले पिठूळ सत्त्व आवडते, म्हणून तो बांबूला, आंब्याला, रबराच्या फळ्यांना आणि चांगल्या लाकडाच्याही बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागतो. माटाचा काळसर गाभा किंवा फणसाचा पिवळा गाभा तो सोडून देतो. वरून चाळण झालेला वासा आत टणक असतो तो यामुळेच. पेचकस टोचून पाहावा; कुठे अडतो ते कळले की किती लाकूड उरले तेही कळते.

बोट जाईल एवढे भोक पाडणारा काळा भुंगा मात्र लाकूड खात नाही, त्यात फक्त घर करतो. तुरीच्या फुलांवर फिरणारा तो हाच. त्याला मारू नये असे आम्हाला वाटते. रिकाम्या ऋतूत भोक बुजवले की पुरे.

भोक जुने की चालू, हेही पाहावे. वासा झाडून भोकांभोवती चुन्याची खूण करावी, खाली काळे कापड पसरावे. पावसाळ्याच्या तोंडाशी दोन-तीन आठवडे पाहूनही पीठ पडले नाही, तर किडा बहुधा कधीच निघून गेलेला असतो. त्यावर पैसे घालू नयेत.

पूर्वी चुलीच्या धुराने स्वयंपाकघराचे वासे काळे आणि सुके राहत, किडा फिरकत नसे. गॅस आला, आपल्या बायकांची छाती आणि डोळे वाचले. त्याबद्दल कोणी हळहळू नये. पण छपराचा तो पहारा गेला, हे ध्यानात ठेवून दरवर्षी शिडी लावून वर पाहिले पाहिजे.

औषधाबाबत आम्ही स्वतः एकदा मूर्खपणा केला. माळ्याच्या बांबूंना घरात पडलेल्या जुन्या डब्यातले शेताचे औषध फासले, आणि खालीच भाताची कणगी. दोन दिवस घरातल्या साऱ्यांचे डोके दुखले. आल्ड्रीनवर 1996 साली आणि बी.एच.सी.वर 1997 साली देशात बंदी आली. असे डबे कोणाकडे उरले असतील तर उघडू नयेत, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नयेत, विभागीय कृषी कार्यालयात विचारावे. काजूच्या टरफलांचे तेल आपल्याकडे वाशांना लावतात. ते गुणी आहे, पण कातडी भाजून फोड आणते. हातमोजे घालावेत, पोरांना दूर ठेवावे.

नव्या बांबूला सर्वांत सोपा उपाय टाकणखाराचा. एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम टाकणखार आणि 20 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात बांबू आठवडाभर बुडवून ठेवावेत, मग सावलीत सुकवावेत. पावसात हे औषध धुपते, म्हणून छपराखालच्याच कामाला वापरावे. पोटात जाऊ देऊ नये. बांबू तीन-चार वर्षांचा पक्का, पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला असावा. अमावस्येचा वाद ज्याचा त्याने करावा. उन्हाळ्यात तोडलेल्या बांबूला किडा लवकर लागतो एवढे खरे.

टोक कुजलेल्या वाशाला मेस्त नवा तुकडा जोडून देतो. त्या कामाला गावातला सुतार आताच सांगून ठेवावा. मे महिन्यात तो कोणाच्याच हाती लागत नाही.