सोडत काढा, पण शेजार मोडू नका

मा. उपाध्यक्ष, म्हाडा,
गृहनिर्माण भवन, वांद्रे (पूर्व), मुंबई

महोदय,

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांना 500 चौरस फुटांचं, मालकीचं घर. रात्री-अपरात्री सार्वजनिक संडासाकडे जावं लागणाऱ्या बायकांनाच त्याचं मोल विचारावं. त्यामुळे चाळीचे गोडवे मी गाणार नाही.

माझं म्हणणं सोडतीबद्दल आहे. कुणाला कोणतं घर, हे संगणकीय सोडतीनं ठरतं. वशिला टाळायला ती हवीच. पण चिठ्ठी निघते एकेका कुटुंबाची, आणि 1920 च्या दशकापासून जमत आलेला शेजार चाळीस मजल्यांवर विखुरतो.

बीडीडीचा एक मजला म्हणजे मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या. दारं दिवसभर उघडी. आई कामावर असली की पोर समोरच्या खोलीत जेवायचं. गावी जाताना चावी शेजारी राहायची. पाण्यावरून भांडणं व्हायची, अबोलेही चालायचे, पण मयत झाली की पहिली धाव त्याच घरातून. ज्याच्याशी भांडलो, तो उद्या पुन्हा समोर दिसणारच आहे, हे दोघांनाही ठाऊक असायचं. एकमेकांवरचा भरवसा या रोजच्या दिसण्यातूनच आला. टॉवरमध्ये लिफ्टमधून थेट बंद दारापाशी जाणाऱ्या माणसांना तो कुठून येणार? मग कॅमेरे लागतात. कॅमेऱ्यात अनोळखी माणूस दिसतो. बाराव्या मजल्यावरची एकटी आजी दोन दिवस बाहेर आलेली नाही, हे तिच्या जुन्या शेजारणीलाच कळतं.

म्हणून विनंती अशी, की पुनर्विकासाच्या पुढच्या टप्प्यांत एका मजल्यावरच्या कुटुंबांना इच्छा असेल तर एकत्र अर्ज करू द्या आणि सोडत त्या गटाची काढा. चिठ्ठी तीच, पारदर्शकताही तीच. ज्यांना जुना शेजार नकोच आहे (जात, जाच, जुनी वैरं, कारणं खरी असतात), त्यांनी स्वतंत्र अर्ज करावा. राहायला गेलेल्यांना परस्परसंमतीनं घरांची अदलाबदल करण्याची सोपी वाट द्या. आणि काही मजल्यांआड एक खोली बसण्या-बोलण्यासाठी मोकळी ठेवा. म्हातारी माणसं दर वेळी तळमजल्यापर्यंत उतरू शकत नाहीत.

पुढची सोडत जाहीर होण्यापूर्वी रहिवाशांना बोलावून एवढं तरी विचारा.

आपला,
एक मुंबईकर