वल्हे देण्याआधी शरीर तपासा

दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधील आर्मी रोइंग नोडने देशाला अनेक नामवंत नौकापटू दिले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ त्यांपैकीच. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा तरुण २०१२ मध्ये लष्करात गेला, वल्हे त्यानंतर हाती आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला. त्याच्या जिद्दीचे कौतुक पुष्कळ झाले. क्रीडा-फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक यांनी मात्र या कहाणीतली एक व्यावसायिक बाबही टिपून ठेवायला हवी. आपले कितीतरी नौकापटू विशीच्या आसपास पहिल्यांदा बोटीत बसतात. तोवर कुदळ-फावड्याने, ओझ्यांनी, एखाद्या जुन्या दुखापतीने त्यांचे शरीर आपल्या परीने घडलेले असते. त्यावर रोइंगचा भार चढतो.

हा भार दोन प्रकारचा. स्वीपमध्ये प्रत्येकाच्या हाती एकच वल्हे असते, त्यामुळे प्रत्येक फटक्याला धड एकाच बाजूला वळते आणि बाहेरचा हात जास्त ओढतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला रोइंगमध्ये मिळालेल्या पाच पदकांपैकी तीन स्वीपची होती. म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा नाही. स्कलिंगमध्ये दोन वल्ही असल्याने डावे-उजवे बरेचसे सारखे राहते, पण पुढचे-मागचे बिघडते. दोन हजार मीटरच्या शर्यतीत हातांनी दोनशेहून अधिक वेळा ओढायचे; ढकलायचे ते मात्र फक्त पायांनी. पाठीचे स्नायू बळावतात. खांद्याचे फरे बरगड्यांशी धरून ठेवणारा सेरेटस, नितंबांचे स्नायू आणि हॅमस्ट्रिंग मागे पडतात. मग कंबर दुखू लागते, कधी बरगडीला स्ट्रेस फ्रॅक्चर होते.

यावर आपल्याकडे उपाय सुरू होतो तो दुखणे आल्यावर. तो आधी सुरू व्हावा. खेळाडू दाखल होताच दोन्ही बाजूंचा साइड प्लँक, एका पायावरचा ब्रिज आणि स्क्वाट, नितंबाच्या सांध्याचे वळणे व बसून धड वळवणे, एवढे तपासून लिहून ठेवावे. स्टॉपवॉच आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. दर सहा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करण्याचा अट्टहास नको. थोडा फरक खेळाचाच भाग असतो. फरक वाढत असेल किंवा त्याच्या जोडीला दुखणे आले असेल, तर दखल घ्यावी.

व्यायामाच्या आराखड्यात ओढण्याच्या व्यायामांना ढकलण्याच्या व्यायामांची जोड हवी. पुश-अपच्या शेवटी खांदे आणखी पुढे ढकलणे, नितंबातून वाकून केलेली डेडलिफ्ट, एका पायावरचे व्यायाम ही त्याची साधी साधने. नवोदिताला पहिल्या वर्षी तरी एकाच बाजूला बांधू नये. स्कलिंग शिकवावे, स्वीपमध्ये बाजू बदलून बसवावे. अर्गोमीटरवर, म्हणजे रोइंगच्या सराव-यंत्रावर, सलग अर्ध्या तासाहून अधिक वेळ कंबर वाकवून बसवणे टाळावे, मध्ये उठवावे.

खेळाडूला दोष देण्याआधी बोटही पाहावी. स्कलिंगमध्ये हात एकमेकांवरून जातात म्हणून वल्हे अडकवायचे एका बाजूचे गेट किंचित उंच ठेवतात. ते किंवा पायपट्टी चुकीच्या उंचीवर असेल, तर व्यायामाने सुधारलेले शरीर बोटीत पुन्हा वाकडे होईल.

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये शर्यतीचे अंतर १,५०० मीटर असेल. वेग वाढेल, तसा प्रत्येक फटक्याचा भारही वाढेल. दापोडीतील लष्करी केंद्र असो की पुण्यातील महाविद्यालयांचे बोट क्लब, फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक यांनी एकाच वहीत नोंदी ठेवाव्यात आणि खेळाडूची बाजू ठरवण्याच्या बैठकीला दोघांनीही बसावे. नव्या हंगामाची पहिली तुकडी पाण्यात उतरण्याआधी ही वही उघडा.