एक प्रवास, तीन भाडी

रुबी हॉल ते रामवाडी ही मेट्रो 6 मार्च 2024 रोजी सुरू झाली, तेव्हा गाडी येरवड्यावरून जात असे. पण तेथे थांबत नसे. स्थानकाचे जिने रस्त्यात येत असल्याने त्यांची जागा बदलावी लागली आणि स्थानक उघडण्यास 21 ऑगस्ट उजाडला. रूळ आणि गाडी तयार असूनही साडेपाच महिने अडले ते जिन्यापाशी. शहरी वाहतुकीचे मर्म या लहानशा घटनेत आहे. प्रवासी वाहनात अडत नाही. एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाताना अडतो.

विश्रांतवाडीकडून येणारा कारकून वा विद्यार्थी काही मेट्रोच्या दारात राहत नाही. त्याला आधी बस, मग मेट्रो आणि उतरल्यावर पुष्कळदा पुन्हा बस धरावी लागते. थांब्यावर ताटकळण्यात गेलेले मिनिट गाडीत बसून गेलेल्या मिनिटापेक्षा जड असते, असे वाहतुकीचे अर्थशास्त्र मानते. ते उगीच नव्हे.

पैशाचा हिशेब तर याहून उघड आहे. 1 जून 2025 पासून पीएमपीचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. मेट्रोचे किमान भाडेही 10 रुपयेच. म्हणजे बस-मेट्रो-बस अशा प्रवासाला, अंतर कितीही थोडे असले तरी, किमान 30 रुपये आणि जाऊन-येऊन 60 रुपये पडतात. पासाने हा भार काहीसा हलका होईल. पण तत्त्व बदलत नाही. वाहन बदलणे ही प्रवाशाची हौस नसून मार्गांच्या आखणीचा तो परिणाम आहे. भुर्दंड मात्र प्रवाशाला!

यावरील उपाय नवा नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात 1965 साली निरनिराळ्या वाहतूक संस्थांचा संघ स्थापन झाला आणि त्यातून सर्व वाहनांना चालणारे एकच तिकीट आले. उत्पन्नाची वाटणी संस्थांनी आपापसांत करावी, हे त्यामागील तत्त्व. पुण्यालाही ते अपरिचित नाही. 2007 साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करूनच पीएमपी जन्माला आली. केवळ एक कार्ड वा एक ॲप दिल्याने मात्र हे साधणार नाही. एकाच कार्डातून तीन भाडी कापली गेली, तरी ती तीनच राहतात.

एकत्र भाड्याने तूट वाढेल, ही हरकत खोटी नाही. परंतु कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेली मेट्रो प्रवाशाला दारापासून कचेरीपर्यंत पोहोचवणार नसेल, तर तो दुचाकीच काढणार. तिला वाहन बदलावे लागत नाही.