क्रॅटोस मागे गेला, पण कुठे?

व्हिडिओ गेमबद्दल गंभीरपणे बोलणारा माणूस आपल्याकडे अजूनही थोडा थट्टेचाच विषय असतो. तरीही एका गेमचा शेवट मला बरीच वर्षं खुपतो आहे. २००७ साली प्लेस्टेशन २ वर आलेला 'गॉड ऑफ वॉर २'. ज्यांनी तो खेळलेला नाही, त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो.

क्रॅटोस हा स्पार्टाचा सेनानी. रणांगणात मरण समोर दिसताच तो युद्धदेव एरीसचा धावा करतो आणि जीव वाचवण्याच्या बदल्यात स्वतःला त्याच्या हवाली करतो. पुढे एरीसच्या चाकरीत तो एका गावावर तुटून पडतो. मंदिरात पाऊल टाकू नकोस, असं एक म्हातारी त्याला बजावते. तो ऐकत नाही. आत दिसेल त्याला कापत सुटतो. भानावर येतो तेव्हा समोर त्याचीच बायको लायसँड्रा आणि मुलगी कॅलिओपी मरून पडलेल्या असतात. म्हातारीच्या शापाने त्या दोघींची राख कायमची त्याच्या अंगाला चिकटते. क्रॅटोस पांढराफटक दिसतो तो त्यामुळे.

२००५ च्या पहिल्या गेममध्ये तो एरीसला मारतो. देव त्याचा गुन्हा माफ करतात, पण आठवण पुसायला नकार देतात. दुसऱ्या भागात तो स्वतः युद्धदेव झालेला असतो आणि झ्यूस त्याला दग्याने मारतो. मेलेला क्रॅटोस परत येतो तो थेट नियतीच्या तीन बहिणींच्या शोधात. ग्रीक पुराणात क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस तो मोजते आणि अॅट्रोपोस तो तोडते. गेममध्ये या बहिणींकडे एक प्रचंड माग आहे. (मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना माग म्हणजे काय ते समजावायला नको!) हा माग ज्याच्या हाती, त्याला काळात मागे जाता येतं. क्रॅटोस तिघींनाही मारतो आणि माग ताब्यात घेतो.

आता विचार करा. ज्या माणसाच्या कातडीवर बायको-मुलीची राख आहे, त्याच्या हाती काळाचे सगळे धागे आले आहेत. तो कुठे जाईल?

तो जातो झ्यूसने आपल्याला मारलं त्या क्षणाकडे. तिथे काम पूर्ण होत नाही, म्हणून त्याहूनही मागे, देव आणि टायटन यांच्या महायुद्धाकडे. तिथून टायटनांची फौज वर्तमानात आणतो आणि ऑलिंपसवर चालून जातो. गेम इथेच संपतो. २०१० च्या तिसऱ्या भागात या सूडाचं बिल सगळी दुनिया भरते. पोसायडन मरतो, समुद्र जमीन गिळतो. हेलिओस मरतो, आभाळ काळवंडतं.

मंदिराच्या त्या रात्रीकडे मात्र तो जातच नाही.

मला यात लेखकांची चूक दिसत नाही, उलट त्यांनी नकळत एक फार खरी गोष्ट सांगितली आहे. सूडाने पेटलेल्या माणसाला काळ मागे फिरवायची मुभा दिली, तर तो आपल्यावर अन्याय झाला त्या दिवसाकडे जातो. आपण अन्याय केला त्या दिवसाचा धागा त्याच्या हाताला लागतच नाही.

म्हणून मी माझ्यापुरता वेगळा शेवट रचला आहे. क्रॅटोस झ्यूसचा धागा सोडतो आणि त्या रात्रीचा उचलतो. मंदिराच्या दारात म्हातारीच्या शेजारी उभा राहतो. समोरून येतो तो तरुण क्रॅटोस. हा राखेने माखलेला माणूस कोण, हे त्याला कळत नाही. तो थांबत नाही. मग शेवटची लढाई स्वतःशीच. पहिला गेम खेळलेल्याला त्या तरुणाचा प्रत्येक डाव पाठ असणार, कारण कधीकाळी ते आपणच खेळलो होतो. तो पडतो. तो पडल्यावर याचंही अस्तित्व विरू लागतं. राख झडते, खाली माणसाची कातडी दिसते. लायसँड्रा मुलीचा हात धरून दाराशी येते. तिला दिसतो नवऱ्याचा मृतदेह आणि शेजारी विरत चाललेला एक अनोळखी माणूस. क्रॅटोस तिला नाव सांगत नाही. पडदा.

माझा भाचा म्हणतो, "मामू, मग तिसरा भाग कसा निघणार? आणि एरीसने अथेन्सवर हल्ला केला तेव्हा त्याला अडवणार कोण?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, धंदा म्हणजे धंदा. दुसऱ्याचं उत्तर असं, की देवांचं भांडण देवांनी निस्तरावं.

पण आणखी एक आक्षेप जास्त वजनदार आहे: गुन्हाच पुसून टाकणं ही पळवाट नाही का? हेराक्लीसच्या कथेत तोही हेराने घातलेल्या वेडाच्या भरात स्वतःच्या मुलांना मारतो. त्याला कुणी माग देत नाही. प्रचलित कथेनुसार त्याच्या वाट्याला बारा खडतर कामं येतात. पुराणाचा कल प्रायश्चित्ताकडे आहे, आणि तो मला मान्य आहे. म्हणूनच माझ्या शेवटात क्रॅटोसला घर परत मिळत नाही. त्या दोघी जगतात, तो उरत नाही. फुकट काहीच सुटत नाही.

बनवणाऱ्यांनाही हे देणं जाणवलं असावं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'वॅलहाला' या पुरवणी भागात म्हातारा क्रॅटोस आठवणींच्या प्रदेशात शिरतो आणि आपल्याच तरुण रूपासमोर उभा राहतो. तिथे काही बदलत नाही. तो फक्त नजर चुकवत नाही. सोळा वर्षांनी का होईना, तो योग्य दिशेने मागे गेला.

इतिहास हाही एक मागच आहे, आणि आपण सगळे त्यावर बसलेलो आहोत. प्रत्येक समाजाला, माझ्याही आणि तुमच्याही, आपल्या जखमेची तारीख तोंडपाठ असते. शतकं ओलांडून आपण तिथे जातो आणि तिथून फौज घेऊन वर्तमानात येतो. बुडते ती आजची वस्ती. दुसरा एखादा धागा उचलून त्या मंदिराच्या दारात जाऊन उभं राहणं अवघड आहे. पण मागे जायचंच असेल, तर निदान तिथे जाऊ.