खंड्याचे कान

मराठी साहित्यात कुत्रा आला की तो बहुधा प्रतीक होऊनच येतो. दत्तमूर्तीच्या पायांशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद. महाप्रस्थानात युधिष्ठिराच्या मागे अखेरपर्यंत चालणारा कुत्रा म्हणजे साक्षात धर्म. भाकरी घेऊन पळणाऱ्या ज्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, तो कुत्रा म्हणजे विठ्ठल. आम्ही उभयतांनी आजवरची सारी नोकरी वर्गात हेच शिकवण्यात घालवली. कुत्र्याच्या ठिकाणी कुत्राच असू शकतो, त्याला कान असतात, आणि त्या कानांना दुर्गंधी येऊ शकते, हा विचार आमच्या व्याख्यानांत कधी डोकावला नाही. मागल्या वर्षी नऊ आठवड्यांचे कॉकर स्पॅनियल जातीचे पिल्लू सातारच्या आमच्या घरी आले, त्याने पहिल्याच रात्री ओसरीवर ठेवलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर आपले मत नोंदवले, आणि प्रतीकमीमांसेतून आमची सुटका झाली.

नाव काय ठेवावे यावर फार चर्चा झाली नाही. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाने कुत्रा पाळला आणि त्याला खंड्याची आठवण झाली नाही, असे सहसा होत नाही. शहराच्या पूर्वेस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. तेथे थोरल्या शाहू महाराजांच्या या लाडक्या कुत्र्याची समाधी म्हणून दगडी कुत्र्याची एक मूर्ती दाखवतात. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा प्राण वाचवला, म्हणून महाराजांनी त्याच्या नावे जहागीर लावून दिली आणि त्याला पालखीचा मान दिला. ही हकीकत ग्रँट डफनेही नोंदवली आहे. हा डफ 1818 नंतर काही वर्षे साताऱ्यास कंपनीचा रेसिडेंट होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये प्रसिद्ध झाला. महाराजांनी एकदा सरदारांच्या भेटीच्या वेळी कुत्र्याला जरीचे वस्त्र व जडजवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, हेही त्याने लिहिले आहे. मात्र त्याला त्यात केवळ बुद्धिभ्रंश दिसला. साताऱ्यात हीच गोष्ट निराळ्या सुरात सांगतात: दागिन्यांनी मढून येणाऱ्या एका सरदाराची जिरवावी म्हणून महाराज स्वतः साधे राहिले आणि कुत्र्याला मढवून बसवले. एकाच घटनेची ही दोन वाचने शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून चांगला निबंध लिहून घेता येईल. महाराज 1749 साली वारले. डफचा ग्रंथ त्यानंतर पाऊणशे वर्षांनी आला. आमचा कौल अर्थातच साताऱ्याच्या बाजूने आहे. त्यात इतिहासनिष्ठेपेक्षा गावाभिमानाचा भाग अधिक असेल, हे मान्य करतो. (पक्षिनिरीक्षक मित्र आम्हांला आठवण करून देतात की मराठीत खंड्या हा मासे मारणारा निळा पक्षीही आहे. आमच्या खंड्याने आजवर एकही मासा मारलेला नाही.)

नाव मराठी ठेवले, पण शिकवणी मात्र इंग्रजीत सुरू झाली. हे कसे झाले, ते आम्हांस सांगता येणार नाही. घरात आम्ही एकमेकांशी मराठी बोलतो, दूधवाल्याशी मराठी बोलतो, देवाशीही मराठीच बोलतो. पण कुत्र्यासमोर उभे राहताच आमच्या तोंडून ‘सिट’, ‘स्टे’, ‘नो’ असे शब्द निघू लागले. साहेब गेला आणि त्याने आपली हुकूम सोडण्याची भाषा कुत्र्यांकडे ठेवून दिली, हा विनोद आपल्याकडे जुनाच आहे, म्हणून तो लांबवत नाही. दिवाळीच्या सुटीत खंड्याला घेऊन आम्ही सांगलीस आत्याबाईंकडे गेलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, त्याला काय विलायतेला धाडायचंय का? आपल्या भाषेत सांग की.”

आम्ही खजील झालो आणि भाषांतराचा घाट घातला. ‘सिट’ला ‘बस’ हा शब्द ठरला. चारच दिवसांत त्याची गंमत कळली. “सातारची बस किती वाजता आहे?” असे कोणी विचारले की खंड्या बसे. पंगतीत पाहुण्यांनी ताटावर हात आडवा धरून “बस, बस” म्हटले की तो बसल्या जागी पुन्हा बसण्याचा प्रयत्न करी. आत्याबाई एसटीला ‘यष्टी’ म्हणतात, त्यामुळे त्यांच्या तोंडून हा घोटाळा कधी झाला नाही. पण त्या स्वतः लाडात आल्या की “बसा हो बाळराजे” म्हणत, आणि ‘बसा’ हे ‘बस’चेच आदरार्थी रूप आहे हे व्याकरण त्याला कोणी शिकवले नव्हते. आम्ही ‘ये’ म्हणत होतो, घरातील मुले ‘इकडे ये’ म्हणत, शेजारचे काका ‘यू यू’ करीत. एका क्रियेला चार शब्द आणि एका शब्दाला चार अर्थ. काव्यात याला वैभव म्हणतात. पिल्लाच्या दृष्टीने ती निव्वळ फसवणूक आहे.

म्हणून या बाबतीत आमचे मत थोडे बदलले. भाषा कोणती हा प्रश्न कुत्र्याचा नाही, आपला आहे. त्याला ध्वनी कळतो, सूर कळतो, आणि शब्दापेक्षा हाताची खूण अधिक लवकर कळते. घरातील सर्वांनी एका कृतीला एकच शब्द ठरवावा, तो एकदाच उच्चारावा, आणि कृती होताच दोन सेकंदांच्या आत भाजलेल्या शेंगदाण्याएवढा खाऊ द्यावा. दहा सेकंदांनी दिलेला खाऊ कशाबद्दल होता हे त्यास कळत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर लगेच अंगणात न्यावे. ओसरी ओली झाल्यास स्वतःवर रागवावे, कारण चूक वेळेची असते. नाक घासणे, वर्तमानपत्राची सुरळी मारणे हे आपल्याकडचे पिढीजात उपाय. त्यांनी पिल्लू एवढेच शिकते की माणसाच्या देखत लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते कपाटामागे जाते. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत रिक्षा, पाऊस, फटाके, म्हातारी माणसे, काठी, छत्री, इतर जनावरे या साऱ्यांची ओळख सौम्यपणे झाली तर पुढचे भय बरेच टळते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर चालवू नये, हे खरे. पण कडेवर घेऊन राजवाड्यावरच्या गर्दीत नेण्यास कोणाची हरकत नसते. आम्ही ‘बस’च्या जागी ‘टेक’ हा शब्द घेतला. तो घरात दुसऱ्या कोणत्याही कामी फारसा येत नाही.

एवढे झाले तेव्हा आम्ही स्वतःवर फार प्रसन्न होतो. खंड्या सहा महिन्यांचा होता. टेकत होता, थांबत होता, आणि ‘नको’ म्हटले की तोंडातील चप्पल सोडत होता. पुढे जे घडले ते लिहावे की नाही यावर घरात दोन मते होती.

पावसाळा सरला की अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचे गवत पिवळे पडते आणि कुसळे धरू लागते. ज्यांनी लहानपणी त्या गवतातून पायवाट काढली आहे, त्यांना विजारीत रुतणारी ती कुसळे ठाऊक आहेत. त्यांची रचना अशी असते की ती पुढे सरकतात, मागे येत नाहीत. सांगलीहून परतल्यावर आम्ही खंड्याला रोज सकाळी त्या उतारावर नेत असू. एके दिवशी तो डोके झटकू लागला आणि मागच्या पायाने उजवा कान खाजवू लागला. पाहुण्यांसमोर हे बरे दिसेना, म्हणून आम्ही म्हटले, “नको.” तो थांबला. पुन्हा खाजवू लागला, पुन्हा “नको”, पुन्हा थांबला. आठ दिवस हे चालले होते. आमची शिकवण इतकी यशस्वी झाली होती की दुखणे सांगण्याचे त्याच्यापाशी असलेले एकमेव साधन त्याने आमच्या सांगण्यावरून खाली ठेवले. कानाशी वास येऊ लागला तेव्हा आम्ही सुगंधी पावडर लावली. शेवटी त्याने जेवण सोडले, तेव्हा कोठे आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. भूल देऊन कानाच्या नळीतून त्यांनी अख्खे कुसळ काढले आणि आमच्या हातावर ठेवले. पडदा शाबूत होता. आणखी काही दिवस गेले असते तर तो तसा राहिला असता असे सांगता येत नाही, असे ते म्हणाले. त्यानंतर तीन आठवडे कानात औषधाचे थेंब घालायचे होते, आणि कानाला हात लावू देण्याचे शिक्षण आम्ही त्याला दिलेच नव्हते. टेकणे शिकवले, थांबणे शिकवले. हात लावू देणे हा शिकवण्याचा विषय आहे, हेच आमच्या ध्यानी आले नव्हते.

तेव्हापासून आम्ही वळण लावणे आणि निगा राखणे या दोन गोष्टी निराळ्या मानत नाही. पिल्लू घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून रोज दोन मिनिटे त्याचे कान उलटावेत, पंजांच्या गाद्या बोटांनी विलग कराव्यात, ओठ वर करून दात पाहावेत, आणि प्रत्येक स्पर्शामागून खाऊ द्यावा. स्पॅनियलच्या बाबतीत हे विशेषच, कारण त्याचा कान म्हणजे केसाळ झाकण. आत वारा जात नाही आणि ओल सुकत नाही. पाण्याचे भांडे अरुंद तोंडाचे असावे, म्हणजे कानांची टोके बाहेर राहतात. कानाच्या आतल्या बाजूचे आणि बोटांमधले केस आखूड कापावेत. अंघोळीनंतर कान कोरडे करावेत, पण आत कापसाची काडी घालू नये. केसांच्या गुठळ्या बोटांनी सोडवून मग विंचराव्यात. कातडीलगत कात्री चालवली की कातडीही कापली जाते. सांगलीकडच्या उन्हाळ्यात आणि पावसाच्या उघडिपीत गोचिडी शोधाव्यात, कारण गोचिडीतून येणारा ताप जिवावर बेततो.

शहरातील एका केशकर्तनालयात (कुत्र्यांचीही असतात आता) आम्ही एकदा खंड्याला सोपवला होता. चार तासांनी तो गुळगुळीत भादरलेला, गळ्यात लाल फीत बांधलेला आणि अत्तर मारलेला असा परत मिळाला. कान आतून कोणी पाहिले नव्हते. अशा वेळी इंग्रजीच्या प्राध्यापकांना व्हर्जिनिया वूल्फ आठवते. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या कवयित्रीच्या कॉकर स्पॅनियलचे चरित्र वूल्फने 1933 साली ‘फ्लश’ या नावाने लिहिले. त्यात फ्लॉरेन्समध्ये पिसवांमुळे फ्लशचे केस भादरावे लागतात, आणि वूल्फ त्यातून कुलाभिमान गळून पडल्याचा, मोकळे झाल्याचा अर्थ काढते. प्रसंग सुरेख आहे, आम्ही तो वर्गात वाचून दाखवला आहे. पण तोही पुन्हा प्रतीकच. आमच्या खंड्याचे कुल गळाले नाही. उन्हात कातडी मात्र लाल झाली, आणि नवे केस पूर्वीपेक्षा लोकरीसारखे, अधिक गुंतणारे आले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आम्हांला योग्य वाटतो. इंग्लंडातल्या ओल्या झुडपांतून वुडकॉक नावाचे पक्षी उठवण्यासाठी घडवलेला हा प्राणी कृष्णाकाठी आणावाच कशाला? जतच्या बाजूस कारवानी कुत्रा आहे: सडपातळ, आखूड केसांचा, त्या माळाला साजेसा, त्याच्या अंगावर कुसळ टिकत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशात मेंढरांमागे चालणाऱ्या कुत्र्याला कोणी विंचरत नाही आणि त्याला त्याची गरजही नसते. कोणी आम्हांस विचारले तर स्पॅनियल घेऊ नका, असेच आम्ही सांगतो. घेतलाच, तर रोजची वीस मिनिटे द्यावी लागतील हे आधी सांगतो. ते ऐकून दोघांनी बेत रहित केला, याचे आम्हांस समाधान आहे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास 2017 च्या नियमांनी मनाई आहे, हेही सांगतो. सहा आठवड्यांचे पिल्लू ‘अधिक गोड दिसते’ म्हणून मागणारे सुशिक्षित लोक आम्ही पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते, ती शब्दांची. जनावराच्या निगेचे शब्द मराठीत नाहीत असे मुळीच नाही. घोड्याला खरारा आहे. आमच्याकडे पोळ्याऐवजी बेंदूर असतो. त्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाहळदीने मळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. जोखडाने जेथे घट्टे पडतात तेथेच हात फिरवायचा, सजावट दुसऱ्या दिवशी. कुत्र्याला मात्र आपण ‘ग्रूमिंग’ला पाठवतो, आणि त्या शब्दाबरोबर फीत आणि अत्तर येते. नेपाळात तिहारच्या सणात कुत्र्याला हार घालून टिळा लावतात. आपल्याकडे दत्ताच्या पायांशी असूनही त्याच्या वाट्याला असा दिवस आला नाही. शब्द तरी यावा. आम्ही घरात ‘खरारा’ म्हणू लागलो आहोत.

गेल्या महिन्यात पुन्हा सांगलीस गेलो होतो. संध्याकाळी आत्याबाई पायरीवर बसल्या, कंगवा घेतला आणि म्हणाल्या, “टेक रे.” खंड्या टेकला. त्यांनी उजवा कान उलटला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. मग डावा. “हा बरा आहे,” त्या म्हणाल्या, “पण ह्या पंजात काहीतरी आहे बघ.” आम्ही बॅटरी आणायला आत गेलो.