विकत घेतलेल्या प्रोजेक्टवर आपलं नाव

बीसीए म्हणा, बीबीए-सीए म्हणा की बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतोच. तीन वर्षं जे शिकलात त्यातून चालणारी एखादी वेबसाइट किंवा मोबाइल ॲप करून दाखवायचं. परीक्षा जवळ आली की नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच चार विषय फिरायला लागतात: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, हॉटेल बुकिंग, ऑनलाइन शॉपिंग. थोडे पैसे मोजले की तयार कोड, स्पायरल बाइंडिंग केलेला रिपोर्ट आणि तोंडी परीक्षेला काय बोलायचं याचा कागद, सगळं एकदम हातात. पहिल्या पानावर फक्त नाव बदलायचं.

हे पाप एकट्या आपल्या मुलांचं नाही. सगळ्या समाजांतली मुलं हेच करतात आणि सगळ्याच कॉलेजांत हे खपवून घेतलं जातं. पण खड्ड्यात सगळे पडले तरी सगळ्यांना सारखंच लागत नाही. ज्याचा मामा हिंजवडीत टीम लीडर आहे तो विकतचा प्रोजेक्ट दाखवूनही कुठेतरी चिकटतो. आपल्या किती घरांत असा मामा आहे?

आणि आपल्या नावाचं काय होतं ते मोजलं गेलेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश निघाली. हे २००७ मध्ये छापून आलं. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, लेडबाय फाउंडेशनने मुलींबाबत हाच प्रयोग केला. एक मुस्लिम नाव, एक हिंदू नाव, बाकी बायोडेटा सारखाच, आणि एक हजार नोकऱ्यांसाठी अर्ज. हिंदू नावाला २०८ होकारार्थी उत्तरं आली, मुस्लिम नावाला १०३.

हे आकडे ऐकले की आपल्यातला एक वर्ग लगेच म्हणतो, बघा, शिकून तरी काय उपयोग, शेवटी नावच बघतात. चहाच्या टपरीवर हे वाक्य फार शहाणपणाचं वाटतं. पण जरा थांबून बघा. या प्रयोगांत समोरच्याच्या हातात काय होतं? एक कागद. कागदावर नाव आणि पदवी. एवढंच दिसतं तेव्हा पूर्वग्रहाला मोकळं रान मिळतं. वेब आणि ॲपचं काम हे अशा मोजक्या धंद्यांपैकी आहे जिथे कागदाच्या आधी काम दाखवता येतं. दुवा पाठवला की समोरचा उघडून बघतो. चालतंय की नाही, मोबाइलवर नीट दिसतंय की नाही, गिटहबवर कोड कुणी आणि किती महिने लिहिलाय, सगळं तारखेसह दिसतं. यामुळे भेदभाव संपतो असं मी म्हणत नाही, संपत नाही. पण एका नाकारणाऱ्याला ‘पात्रता नव्हती’ हा बहाणा तरी उरत नाही. आणि पुण्याच्या कंपनीने दार लावलं, तरी राहुरीच्या दूध डेअरीवाल्याला किंवा परदेशातल्या गिऱ्हाइकाला काम झाल्याशी मतलब असतो.

हे एकच हत्यार आपल्याकडे आहे, आणि ते आपण परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्याकडून विकत आणतो.

हक्काची लढाई वेगळी, ती सोडायची नाही. २०१४ मध्ये राज्याने मुस्लिमांना दिलेलं पाच टक्के आरक्षण शिक्षणापुरतं उच्च न्यायालयाने टिकवलं होतं. नंतरच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. हा अन्याय आहे, आणि त्यावर बोलत राहिलंच पाहिजे. पण ते मिळेपर्यंत विकतचा कोड जमा करायची सवलत त्यातून निघत नाही.

आता तो विकतचा प्रोजेक्ट उघडून बघू. बहुतेक वेळा पीएचपी आणि मायएसक्यूएल. अ‍ॅडमिनचं नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. लोकांचे पासवर्ड डेटाबेसमध्ये जसेच्या तसे ठेवलेले, पीएचपीत ते सुरक्षित ठेवायची तयार सोय असताना. लॉगिनच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह जास्त टाकलं की सगळं उघडं पडतं. दोन वर्षांपूर्वीच्या सिनियरचं नाव एखाद्या कोपऱ्यात तसंच राहिलेलं. आणि हे सगळं चालतं फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच एका लॅपटॉपवर. तोंडी परीक्षा झाली की मेलं. कुणी एका माणसानेही ते कधी वापरलेलं नसतं.

अभ्यासक्रम वाईट आहे का? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बीबीए-सीएचा २०१९चा आराखडा घ्या. डेटाबेस आहे, एचटीएमएल-जावास्क्रिप्ट आहे, पीएचपी किंवा नोड जेएस आहे, जावा आणि अँड्रॉइड आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगसुद्धा आहे. जुना म्हणा, विस्कळीत म्हणा, पण यातून चालणारी वस्तू नक्की बनते. उणीव असते ती गिऱ्हाइकाची. पुस्तकातल्या लायब्ररीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून ती काहीच शिकवत नाही.

मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाची उधारीची वही घ्या. सोपं वाटतं ना? पहिल्याच दिवशी कळतं की गल्लीत सलीम शेख तीन आहेत. दुकानदार त्यांना ‘वेल्डिंगवाला’, ‘मशिदीसमोरचा’ आणि ‘हाजींचा’ म्हणून ओळखतो. तुमच्या टेबलात त्यासाठी रकानाच नाही. मग शेख हे नाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलं जातं, म्हणजे शोध चालत नाही. गिऱ्हाईक पाचशेतले दोनशे देतं, उरलेले ईदनंतर. चुकलेली नोंद दुकानदाराला पुसून टाकायची असते, आणि तुम्हाला समजावं लागतं की हिशेबात पुसायचं नसतं, उलटी नोंद करायची असते. संध्याकाळी नेटवर्क नसतं. लिहिता येत नसलेली आजी मोजणी मागते. हे सगळं सोडवलेल्या मुलाला मुलाखतीत पाठांतर लागत नाही. त्याला विचारा, तो तासभर बोलेल.

यावर हल्ली उत्तर येतं की कोड आता एआय लिहून देतं. देतं ना. पण वेल्डिंगवाला सलीम कोण, हे त्याला कोण सांगणार?

आणि एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडून गेलं. ६ जून २०२५ ला केंद्र सरकारने ‘उम्मीद’ पोर्टल सुरू केलं. वक्फच्या प्रत्येक मालमत्तेची माहिती आणि कागद सहा महिन्यांत त्यावर चढवायचे होते. कायद्याबद्दल आपलं मत काय ते आपण मोर्चात आणि कोर्टात मांडलं. पण फॉर्म कुणी भरायचे? वयस्कर मुतवल्ली, हातात पिशवी. पिशवीत सातबारा, त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. जुन्या दस्तात एकर-गुंठे. कुठे गट नंबर, कुठे जुना सर्व्हे नंबर, शहरात सिटी सर्व्हे. काही कागद उर्दूत, काही मोडीत. मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या शहरात असे कागद कमी नसणार. एकर-गुंठ्याचं हेक्टरमध्ये रूपांतर, कागदांची नावं एका पद्धतीने लावणं, कुठल्या मालमत्तेचं काय राहिलंय याची यादी, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलाचं आठवडाभराचं काम होतं. त्या सहा महिन्यांत एखाद्या प्रोजेक्टचा विषय ‘आमच्या तालुक्यातल्या वक्फ नोंदींचं रजिस्टर’ असा असायला काय हरकत होती?

मोठ्यांनाही सोडता येणार नाही. दहावी-बारावीचा गुणगौरव समारंभ आपण दणक्यात करतो. ट्रॉफी, शाल, फ्लेक्स, आणि त्या फ्लेक्सवर मुलांपेक्षा मोठे फोटो प्रमुख पाहुण्यांचे. बीसीएच्या मुलाला मात्र ‘तू काय बनवलंस, दाखव’ असं एकही ट्रस्टी विचारत नाही. २०२४ मध्ये बीसीए-बीबीए एआयसीटीईच्या कक्षेत गेलं आणि राज्यात पहिल्यांदा या अभ्यासक्रमांसाठी सीईटी झाली. जागा लाखाच्या वर, परीक्षेला बसलेले पन्नास हजारांच्याही आत, म्हणून ती दुसऱ्यांदा घ्यावी लागली. किती मशिदींच्या फलकांवर ती तारीख लागली होती? काही कॉलेजांनी तर सीईटी टाळायला अभ्यासक्रमाचं नावच बदललं. प्रवेश घेताना हे विचारा, कारण त्याला पैशाची बाजू आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन यांच्याकडे ओबीसीचा मार्ग आहे. ज्या शेख-सय्यद-पठाण घरांना तो नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला वेळेत काढावा.

मुलींचा विषय निघालाच आहे तर सरळ बोलू. ‘पुण्याला पाठवणार नाही, इथेच शिक’ असं म्हणून नगरच्या कॉलेजात घातलेल्या मुलीला घरी लॅपटॉप नसतो, आणि भावाच्या बुलेटचे हप्ते नियमित जातात. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद होते. मोबाइलच्या स्क्रीनवर प्रोग्राम लिहून बघा एकदा, म्हणजे त्या मुली प्रोजेक्ट विकत का घेतात ते कळेल. घरात बसून कमावता येईल असं हे शिक्षण आहे म्हणून तुम्ही ते निवडलंत. मग ज्यावर कमवायचं ते यंत्रही द्या. लग्नातला एक पदार्थ कमी केला तर जुना, बऱ्या अवस्थेतला लॅपटॉप येतो.

या वर्षी जे तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांच्यासाठी काम छोटं आहे. विषयाचं नाव विभागाकडे देण्याआधी एका दुकानात, दवाखान्यात, मदरशाच्या कचेरीत किंवा घोडेगावच्या कांदा बाजारातल्या एखाद्या आडत्याकडे तीन दिवस नुसतं बसा. वही बघा. मालकाचं नाव आणि त्याची अडचण रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा. कोड पहिल्या दिवसापासून गिटहबवर टाका, मोडका असला तरी. सर म्हणतील, नेहमीचा विषय घ्या, तपासायला सोपा जातो. तेव्हा मालकाला तोंडी परीक्षेच्या दिवशी सोबत घेऊन या आणि त्यालाच ते चालवून दाखवू द्या.